कपाट गच्च भरलंय, तरी घालायला काही नाही? साडी ब्लाऊजपाशी अडलीय!

नमस्कार मंडळी! आवाज येतोय न्हवं? मागं कुकर लावलाय, शिट्टी झाली तर सांभाळून घ्या.

नवरात्र संपल्यापासून रोज तुमच्या कमेंट येताहेत, "ताई, दिवाळीच्या आत कपाट आवरायचंय, तुमचं दाखवा." आणि त्यातच एक ठरलेली कमेंट, "तुम्ही बाई असून 'मी करतो, मी येतो' काय म्हणता?" अहो, आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो. माझी आई असंच बोलायची, लेक पण असंच बोलते. झालं समाधान? चला पुढं.

सोपं ते पटकन उरकतो. सगळं बाहेर काढून पलंगावर टाका. फाटलेल्या सुतीची फडकी करा, मऊ झालेल्या साड्या वाकळेला ठेवा. पोरांचं आखूड झालेलं चांगलं असेल तर धुऊन, इस्त्री करून कुणाला तरी द्या. द्यायचंच आहे म्हणून मळकं देऊ नका, घेणाऱ्यालाही मान असतो. रोजचं हाताशी, सणावाराचं वर. एवढ्यासाठी व्हिडिओ कशाला पाहिजे?

आणि ते कप्प्या-कप्प्यांचे डबे आधी विकत घेऊ नका! पसारा तोच राहतो, फक्त डब्यात जातो.

आता खरं सांगतो. तुमच्या कपाटात कपडे जास्त नाहीत, अडलेले कपडे जास्त आहेत. अडलेले म्हणजे? माझं उदाहरण घ्या. माझी एक वांगी रंगाची इरकल होती, लाल टोप पदराची. चार वर्षं प्रत्येक लग्नाला मी ती काढायचो, पलंगावर ठेवायचो आणि परत आत सारायचो. ब्लाऊज सापडायचा नाही. शेवटी वैतागून बोहारणीला दिली, एक पातेलं घेतलं. तीन महिन्यांनी ब्लाऊज सापडला. कुठं? उशीच्या अभ्र्यांच्या घडीत! आणि अंगात अगदी बरोबर बसला. मी पातेल्याकडं बघतोय, पातेलं माझ्याकडं बघतंय.

म्हणून ढीग दोन नाही, तीन करायचे. ठेवायचे, काढायचे आणि अडलेले. तिसऱ्या ढिगातला एकेक कपडा हातात घ्यायचा आणि विचारायचं, बाई, तुझं काय अडलंय? हूक तुटलाय? फॉल सुटलाय? परकर नाही? जे असेल ते चिठ्ठीवर लिहून सेफ्टी पिनेनं त्याच कपड्याला लावायचं. डोक्यात ठेवू नका, डोक्यात राहत नाही.

पुरुष मंडळी हसू नका, तुमचंही तेच आहे. आमच्या ह्यांच्या तीन पँटी "जुन्या झाल्या" म्हणून बाजूला पडल्या होत्या. बघितलं तर एकीची चेन गेलेली, एकीचं बटण, आणि एक कमरेत घट्ट. जुनी एकही नव्हती.

लेकीचंही तेच. पाच कुर्ते नुसते लटकलेले. का? एकाच पांढऱ्या लेगिन्सवर पाचही चालायचे आणि ती लेगिन्स गुडघ्यावर विरलेली. एक लेगिन्स आणली, पाच कुर्ते सुटले. नवीन कुर्ता आणला असता तर सहावा अडला असता!

आता ब्लाऊज घट्ट होतो त्याचं. लगेच "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून ठेवू नका. ब्लाऊज उलटा करा. काखेखाली, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली आहे का बघा. चांगला टेलर दोन्ही बाजूंना बोटभर तरी सोडतोच. शिवण उसवून तेवढं सैल करता येतं. जुन्या टाक्यांची रेघ रेशमावर दिसते, पण हात खाली केला की झाकली जाते. माया नसेल तर बाजूनं पट्टी जोडून घ्या. मात्र हे आत्ता करा. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर टेलर तुमच्याकडं बघणार पण नाही.

आणि तीन ब्लाऊज चांगल्या मापाचे शिवून ठेवा. एक काळा, एक सोनेरी, एक मरून. कितीतरी साड्या ह्या तिघांवर निघतात.

हां, ती कमेंट राहिली. "ताई, वर्षभर नेसली नाही ती साडी काढून टाकायची, असा नियम आहे." कुणाचा नियम? पैठणी काय दर महिन्याला नेसतात? हा नियम रोजच्या टॉपला लावा. पैठणीचं वर्ष मोजायचं नाही, घडी मोजायची. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळीकडं दुमडायची, नायतर एकाच रेषेवर जर चिरते.

प्लॅस्टिकच्या साडी कव्हरवर माझा राग जुना आहे. आपल्याकडं पावसाळ्यात भिंती ओल्या, हवा ओली. ती ओल प्लॅस्टिकमध्ये कोंडते, आणि ओलीनं जर काळी पडते. इचलकरंजी आपल्या शेजारी, मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, काय कमी आहे का? तो आणा, धुऊन त्याची खळ काढा, कारण खळीला कसर, म्हणजे ती कपडे खाणारी बारीक कीड, लागते, आणि त्यात साडी गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकवायची नाही, वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवायची. आणि ब्लाऊज साडीच्या घडीत घालू नका! हूक गंजला की त्याचा डाग पदरावर उतरतो. त्याच मांजरपाटात, पण वेगळ्या पिशवीत ठेवायचा. म्हणजे साडी काढली की ब्लाऊज हाताला लागतो.

खालचा कप्पाही रेशमाला देऊ नका. माझी मावशी शिरोळ तालुक्यात राहते. 2019 च्या पुरात तिची खालची ट्रंक भिजली, दोन शालू एकमेकांच्या रंगात न्हाले. आता तिच्या सगळ्या साड्या माळ्यावर असतात.

तर अडलेल्या कपड्यांची एक पिशवी करा आणि दाराच्या कडीला अडकवा. कपाटात ठेवली तर तीही अडेल. माझी ही बघा, हूक दोन, फॉल एक आणि ह्यांची ती चेन. कमेंटमध्ये सांगा, तुमच्या पिशवीत किती निघाले...

थांबा, शिट्टी झाली. आणि शेजारी दूध ठेवलंय. बोहारणीच्या त्याच पातेल्यात.