डाव्या बरगडीखाली

(माहितीपटाचं निवेदन. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, पहाट. मासळीचा लिलाव सुरू.)

ट्रॉलर लागले की बर्फ, टोपल्या आणि सुऱ्या, सगळ्यांची एकदमच घाई. ही सुरमई कापायची सुरी. वीतभर पातं, धार लावून लावून निम्मं झिजलेलं. असलंच पातं बाचाबाचीत एका खलाशाच्या डाव्या कुशीत गेलं.

(जखमेचं जवळून दृश्य.)

जखम एवढीशी. बीपी चांगलं, पोट मऊ, एक्स-रे साफ. अशा पेशंटला नजरेखाली ठेवून घरी सोडतात, आणि पोटावरच्या कित्येक जखमांना ते पुरतंही. उगाच पोट उघडू नये, हे खरंच.

पण जागा बघा. श्वास सोडताना डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, पार स्तनाग्राच्या पातळीपर्यंत वर येतो. छातीत शिरलेली सुरी त्याला भोसकून पोटात उतरू शकते. उजवीकडे भोक पडलं तर यकृत त्याला टेकून ते झाकतं. डावीकडे जठर आणि मोठं आतडं मोकळं, त्यात प्रत्येक श्वासाला छाती त्यांना वर ओढते. छोटं भोक सीटी स्कॅनलाही चुकवतं.

(मॉनिटर. पोटात घातलेल्या दुर्बिणीतून, म्हणजे लॅपरोस्कोपमधून.)

हा भाग मुद्दाम लांब ठेवलाय, एरवी तो कुणाला बघायला मिळत नाही. रात्रभर पेशंट स्थिर राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी बेंबीजवळून दुर्बीण आत. पोटात वायू भरताना भूलतज्ज्ञाची नजर छातीवर. वायू भोकातून वर गेला तर फुफ्फुस दबेल, म्हणून छातीत घालायची नळी तयार. जठर खाली ओढलं. हा डायफ्राम. आणि ही चीर, दोनेक सेंटीमीटरची, श्वासागणिक उघडझाप करणारी. आता न विरघळणाऱ्या धाग्याचे टाके. सुई बेतानंच, वर हृदय आहे.

डाव्या बाजूच्या अशा स्थिर पेशंटसाठी निव्वळ सीटीपेक्षा दुर्बीण बरी, असं अमेरिकेतल्या ‘ईस्ट’ या गंभीर दुखापतींवर उपचार करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सुचवलं. पुरावा मात्र तोकडा आहे, हेही सांगितलं. भोक राहिलं तर महिन्यांनी, वर्षांनीही आतडं वर सरकून अडकतं, कुजतं; जीवही जातो.

(आंबा घाट, ॲम्ब्युलन्स.)

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. दुर्बीण चालवणारा सर्जन चोवीस तास इथंच मिळायला हवा, कोल्हापूरचा घाट चढायला लागू नये. तोवर निदान डिस्चार्ज कार्डावर लिहावं: डाव्या बरगडीखाली सुरीची जखम; पुढे कधीही जेवल्यावर धाप लागली, उलट्या झाल्या, तर आधी छातीचा एक्स-रे.