दोऱ्यानं बांधलेली पानं

श्रोतेहो, नमस्कार.

घरात आजोबांची एक पोथी असते. मजकूर सगळ्यांसाठी तोच. पण कुणी काही पानं दोऱ्यानं बांधून ठेवली, तर वाचणारा तेवढी सोडून पुढे जातो. आपल्या पेशींतल्या डीएनएचं असंच आहे. यकृतात जो मजकूर, तोच मेंदूत. यातला एक दोरा म्हणजे मिथाइल: एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच. तो डीएनएच्या सायटोसिन या अक्षराला चिकटला की शेजारचं जनुक बहुधा गप्प होतं. अक्षर मात्र तेच राहतं.

अल्झायमर म्हणजे हळूहळू स्मृती हिरावणारा आजार. त्यात हे दोरे कुठे आवळतात, कुठे सुटतात? ते पाहायला मेंदूच हवा, कारण रक्तातल्या पेशींचे दोरे वेगळे असतात. आणि जिवंत माणसाकडे मेंदूचा तुकडा मागायचा कसा?

शिकागोच्या रश विद्यापीठानं १९९४ पासून कॅथलिक नन, फादर आणि ब्रदर यांना एक विनंती केली. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी द्या आणि मृत्यूनंतर मेंदू द्या. नाव नोंदवताना कुणालाही स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं नव्हतं. १९९७ पासून इतर ज्येष्ठ नागरिकही यात आले. शेकडो माणसं वर्षानुवर्षं चाचणीला बसत राहिली. मला या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात.

त्यांच्यातल्या ७०८ जणांच्या मेंदूंतल्या डीएनएवर चार लाखांहून जास्त जागा तपासल्या गेल्या. ७१ जागी मिथाइलचं प्रमाण रोगाच्या खुणांबरोबर, म्हणजे मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्यांबरोबर, बदललेलं दिसलं. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वेळी इंग्लंडमधल्या गटानं वेगळे मेंदू तपासले होते. दोघांचंही बोट अँकिरिन-१ या जनुकावर पडलं. इंग्लंडच्या गटाला हा बदल मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात दिसला. मागच्या बाजूच्या लहान मेंदूला, म्हणजे अनुमस्तिष्काला, हा आजार फारसा शिवत नाही. तिथे बदलही सापडला नाही.

हे बदल आजाराचं कारण की परिणाम, हे अशा तपासणीतून ठरत नाही. पण शेवटपर्यंत स्मृती शाबूत असलेल्या, तरी मेंदूत रोगाच्या खुणा साठलेल्या लोकांतही ते होते. म्हणजे विसरण्याच्या आधीपासून. निरोगी स्मृतीच्या माणसांनी मेंदू दिले नसते, तर हे कळलंच नसतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेतही मेंदूपेढी आहे. देहदानाचा विचार करणाऱ्या घरांत याबद्दलही बोलावं. मेंदू दिल्यावर चेहरा तसाच राहतो. अंत्यदर्शन घेता येतं.