अरुंद घर आणि जुने साहित्य: पाडण्याआधी करायचा हिशेब

नमस्कार. बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर किंवा निपाणीच्या जुन्या गल्ल्यांत वाटण्या झाल्या, की प्रत्येक भावाच्या वाट्याला दहा-बारा फूट रुंदीची लांबट पट्टी येते. मग घर पाडायला येणारा ठेकेदार म्हणतो, “मजुरी देऊ नका, लाकूड आणि कौले तेवढी आम्हाला सोडा.” सौदा फुकटातला वाटतो खरा, पण त्या लाकडात सागवानी तुळया आणि चौकटी असतील, तर सबंध बांधकामात तुमचे सर्वांत मोठे नुकसान याच व्यवहारात होते. आजच्या भागात जुन्या साहित्याला मी एकच प्रश्न विचारणार आहे: नव्या घरात त्याने जागा किती वाचेल?

प्रथम भिंती पाहू. बाहेरून १२ फूट रुंद असलेल्या घराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती असतील, तर आत राहतात ८ फूट. त्या जागी ९ इंची विटांच्या भिंती घातल्या, तर साडेदहा फूट मिळतात. म्हणजे ३० फूट लांबीच्या घरात सुमारे ७५ चौरस फूट, एका लहान खोलीएवढी जागा. अर्थात, भिंत शेजारच्या घराशी सामाईक असेल, तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय आणि अभियंत्याला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नये. अशी भिंत राखावी आणि तिच्यातले मूळचे कोनाडे व फडताळे वापरात आणावीत, म्हणजे खोलीत वेगळे कपाट ठेवावे लागत नाही. मातीच्या जुन्या भिंतीत नवे कोनाडे मात्र कोरू नयेत.

जी भिंत उतरवायची आहे, तिचा जोड कशाचा आहे ते आधी तपासावे. माती किंवा चुन्यात बांधलेले जांभ्याचे चिरे आणि विटा पहारीच्या हलक्या धक्क्याने सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटमध्ये बांधलेली वीट बहुधा जोडापाशी न सुटता स्वतःच फुटते. म्हणून पन्नास वर्षांच्या घरापेक्षा शंभर वर्षांच्या घरातून अधिक साहित्य हाती लागते.

(दार कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवणे)

आता हे दुपाखी, म्हणजे मधोमध दोन भागांत उघडणारे दार पाहा. तीन फुटी एकपाखी दार उघडले, की खोलीतली तीन फूट जागा त्याच्या फिरण्यात अडकते आणि तिथे काहीच ठेवता येत नाही. हेच दार दोन पाखांचे असेल, तर प्रत्येक पाख दीड फुटातच फिरते. आपल्या आजोबांच्या घरातली दारे लहान खोल्यांना इतकी सोयीची असताना ती विकून एकपाखी फ्लश डोअर आणणे मला तरी कळत नाही. जुनी दारे बुटकी असतात, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी चौकटीवर झडपेची खिडकी बसवून दाराची दिसती उंची वाढवता येते, जाण्यायेण्याची उंची मात्र तेवढीच राहते. तेही जमत नसेल, तर ही पाखे पोटमाळ्याखालच्या कपाटाला लावावीत.

लाकूड घेण्यापूर्वी हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला, तर वाळवी किंवा भुंगा आत पोचला आहे असे समजावे. तुळई चिरायला नेण्यापूर्वी प्रत्येक खिळा काढावा, कारण एक खिळा राहिला तरी करवतीचे पाते जाते आणि गिरणीवाला पुन्हा तुमचे लाकूड घेत नाही. शाबूत तुळईतून जिन्याच्या पायऱ्या उत्तम निघतात. जुना रंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. लाकूड ओले करून, मास्क लावून, मुलांना दूर ठेवूनच रंग खरवडावा.

राहिली कौले. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतर ही कौले सर्वदूर पोचली. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे, नाक (रिपेवर अडकणारा उंचवटा) न तुटलेले कौल छपरासाठी ठेवावे. नाक तुटलेली, पण अखंड असलेली कौले फिलर स्लॅबमध्ये कामी येतात. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो. तो ताण सळ्या पेलतात आणि काँक्रीट तिथे फारसे कामाचे नसते, म्हणून सळ्यांच्या चौकोनांत कौले ठेवून तेवढे काँक्रीट वाचवता येते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये ही पद्धत घराघरांत नेली. कौलांची जोडी एकावर एक ठेवली, तर मधल्या हवेमुळे उन्हाळ्यात वरची खोली कमी तापते. काँक्रीट ओतण्यापूर्वी कौले पाण्यात भिजवावीत, नाहीतर ती काँक्रीटमधले पाणी शोषून घेतात. आणि सळ्यांचे अंतर गवंड्याच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याकडून आखून घ्यावे.

हे सर्व साधायचे असेल, तर घर यंत्राने पाडता येत नाही, वरून खाली हाताने उतरवावे लागते: आधी कौले, मग रिपा आणि वासे, मग तुळया, शेवटी भिंती. काम दिवाळीनंतर सुरू करावे. ठेकेदाराशी मजुरी रोख ठरवावी आणि उतरवलेले साहित्य मालकाचे राहील, हे कागदावर घ्यावे. गल्लीत जागा नसेल, तर रास कुठे रचायची हेही आधीच ठरवावे. कौले उभी आणि लाकूड जमिनीपासून वर, मध्ये रिपा घालून ठेवावे, कारण मृगाचा पाऊस तुमच्या बांधकामाच्या परवान्यासाठी थांबणार नाही.