सिक्युरिटी : घोडबंदरचे फाटक ते नाशिक रोडची भिंत

(दृश्य : संध्याकाळ. फाटकापाशी गाड्यांची रांग.)

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या फाटकाशी पावणेआठ वाजले आहेत. निळ्या शर्टाच्या पाठीवर आठ इंग्रजी अक्षरे छापलेली असून, हा शर्ट ज्यांच्या अंगात आहे त्यांना संकुलातील फार थोडी माणसे नावाने ओळखतात. गाडीची काच खाली येते, ‘सिक्युरिटी, गेट उघडा’ एवढे शब्द ऐकू येतात आणि काच वर जाते. ‘पार्सल सिक्युरिटीकडे ठेवा’, ‘आमचा जुना सिक्युरिटी बरा होता’, ‘सिक्युरिटी जेवायला गेलाय’ ही वाक्ये येथे दिवसभर कानावर पडतात. इंग्रजीतही रक्षकांच्या विभागाला उद्देशून हा शब्द वापरला जातो. परंतु त्याला एकवचनी पुल्लिंगी माणूस करून जेवायला पाठवण्याचे काम मराठीने केले आहे.

टेबलावरची वही जवळून पाहण्यासारखी आहे. तिला बॉलपेन सुतळीने बांधलेले आहे, कारण मोकळे पेन येथे दिवसभरही टिकत नाही. नाव, गाडीचा क्रमांक, कोणाकडे, कशासाठी, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही असे तिचे रकाने आहेत. ‘कशासाठी’ या रकान्यात सकाळपासून पार्सल, पार्सल, दूध, गॅस, पार्सल, पाहुणे असे लिहिलेले दिसते. जाण्याच्या वेळेचा रकाना जवळजवळ सगळा कोरा आहे.

ज्या लॅटिन शब्दापासून हा इंग्रजी शब्द निघाला, त्यात ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी अशी फोड आहे. बिनघोर असणे हा त्याचा मूळ अर्थ होय. रोमन नाण्यांवर याच नावाची देवी कधी खांबाला रेलून, कधी डोक्याला हात लावून निवांत बसलेली दिसते. पुढे इंग्रजीत या शब्दाला बेफिकिरीचा, गाफीलपणाचाही अर्थ दीर्घकाळ चिकटून होता. संकटापासून राखण हा आजचा अर्थ वरचढ ठरल्यानंतरच तो फाटकावर येऊन उभा राहिला.

(दृश्य : सिंधुदुर्ग. झाडाखालचा दगड, त्यापुढे नारळ.)

मराठीला राखणीचे शब्द बाहेरून आणण्याची गरज कधीच नव्हती. देशावरच्या गावात रात्रीचा पहारा जागल्याकडे किंवा रामोशाकडे असे, वाड्यावर पहारेकरी असे आणि पुढे शहरात वॉचमन आला. कोकणात आणि गोव्यात तर राखणदार हा गावाच्या सीमेवरचा देवच आहे, आणि वर्षातून एकदा त्याला राखण द्यावी लागते. गोव्यातील काही गावांत वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो, त्यामुळे त्या वहाणा झिजतात आणि नव्या द्याव्या लागतात, अशी श्रद्धा आहे. राखणदाराच्या पायताणाची सोय गावाने करायची, हा व्यवहार त्या श्रद्धेने पक्का करून ठेवला आहे.

(दृश्य : घोडबंदर. बुटांचे जवळून चित्रण. आठ सेकंद निवेदन नाही.)

कागदोपत्री मात्र या एका इंग्रजी शब्दाला मराठीने एकच प्रतिशब्द दिला नाही, आणि ते योग्यच झाले. घर भाड्याने घेताना जी सिक्युरिटी भरावी लागते ती अनामत आहे. हा अरबी ‘अमानत’ शब्दाचा मराठी अवतार असून त्यात विश्वासाने सोपवलेली ठेव अभिप्रेत आहे. कर्जासाठी दागिने किंवा सातबारा गुंतवला की ते तारण होते. बुडणाऱ्याला तारते ते तारण असा शब्दाचा सरळ अर्थ असला तरी या व्यवहारात बहुधा सावकार तरतो. माणूसच हमी म्हणून उभा राहिला तर तो जामीन, बाजारात विकले जाणारे हमीचे कागद म्हणजे रोखे, आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी चौकाचौकांत दिसतो तो बंदोबस्त. बंदोबस्त या फारसी शब्दातील दोन्ही तुकड्यांचा संबंध बांधण्याशी आहे, हे पोलिसांनी बांधलेल्या बांबूंकडे पाहिले की पटते. निवडणुकीतील उमेदवाराला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर त्याची अनामत जप्त होते. लोकसभेसाठी ती २५,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी त्याच्या निम्मी आहे. या बातमीत वर्तमानपत्रे ‘अनामत’ लिहितात आणि कट्ट्यावर ‘डिपॉझिट गेलं’ असे म्हणतात.

(दृश्य : नाशिक रोड. उंच भिंत, त्यावरील तारा, फाटकावरील पाटी.)

या शब्दाचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना मोठा पत्ता नाशिक रोडला आहे. येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे इंग्लंडहून छापून येत असत. तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्टच्या पुस्तिका ही या छापखान्याची ओळख आहे, आणि १९२८ पासून शेजारच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात. पाटीवर ‘भारत प्रतिभूति मुद्रणालय’ असे नाव असले तरी नाशिक रोडचा माणूस ‘वडील प्रेसमध्ये होते’ एवढेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते पुरते. तरीही प्रतिभूती हा शब्द सरकारी म्हणून उडवून लावण्यासारखा नाही, कारण संस्कृतात ‘प्रतिभू’ म्हणजे जामीन राहणारा. आपल्याऐवजी उभा राहून शब्द देणारा असा तो कागद आहे.

पाचशेची ही नोट उजेडात धरून थोडी कलती केली की मधल्या धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. त्या धाग्यावर बारीक अक्षरांत ‘भारत’ असे लिहिलेले आहे. हा सुरक्षा धागा कागद तयार होतानाच त्याच्या लगद्यात बसवला जातो, वरून चिकटवला जात नाही. म्हणून तो काही ठिकाणी पृष्ठावर दिसतो आणि मधेमधे कागदात बुडून जातो. भाजीवाल्या मावशी नोट हातात आली की अंगठ्याने चाचपतात आणि मगच गल्ल्यात टाकतात.

हाच शब्द मराठीत एकदा ओळखू येणार नाही अशा वेशातही शिरला आहे. १९७१ साली अंतर्गत सुरक्षेसाठी केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचा ‘मिसा’ झाला, आणि आणीबाणीत या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांना मराठीने ‘मिसाबंदी’ म्हटले. मिसातला ‘स’ सिक्युरिटीचा आहे. आणीबाणीनंतर हा कायदा रद्द झाला.

रेशन दुकानाच्या रांगेत ‘अन्नसुरक्षेत नाव आहे का’ असे विचारले जाते, तेव्हा २०१३ च्या कायद्यातील माणशी ५ किलो धान्याचा हिशेब चाललेला असतो. आरटीओच्या भाषेतील हाय सिक्युरिटी पाटीवर अशोकचक्राचा चकाकता शिक्का असतो आणि ती एकदा लावली की न मोडता निघत नाही. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना ती बसवून घेण्याची मुदत इतक्या वेळा वाढली, की ती तारीख कोणी पाठ करण्याच्या भानगडीत पडले नाही.

(दृश्य : घोडबंदर. फाटक, रात्र.)

राज्यात १९८१ पासून खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार नेमलेल्या मंडळाकडे रक्षकांची नोंदणी होते आणि मालकाने भरलेल्या रकमेतून मंडळच त्यांचे वेतन देते. अशा रक्षकांना या धंद्यात ‘बोर्डाचे’ म्हणतात. एजन्सींसाठी २००५ साली केंद्राचा कायदा आला. परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही, गणवेश पोलीस किंवा लष्करासारखा दिसता कामा नये, आणि रक्षकाला १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष कामाचे असे एकूण १६० तासांचे प्रशिक्षण किमान २० दिवसांत दिले पाहिजे, असे त्याखालील नियम आहेत. पुरुष रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर असावी, हेही नियमांत आहे.

या फाटकावरची ड्यूटी बारा तासांची आहे. येथील रक्षक एजन्सीचे आहेत, बोर्डाचे नाहीत, आणि प्रशिक्षण कोठे झाले असे विचारल्यावर ते फाटकाकडे बोट दाखवतात. शर्ट, पँट आणि टोपी देताना एजन्सीने पहिल्या पगारातून पैसे कापून घेतले. पावतीवर त्या रकमेपुढे ‘सिक्युरिटी’ असे लिहिले आहे.

आठ वाजून गेले आहेत. रिलिव्हर आलेला नाही, सुपरवायझरचा फोन लागत नाही, आणि पॉइंट सोडता येत नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी दुसरी वही, म्हणजे हजेरीची वही काढली आहे. आपल्या नावापुढे सकाळी ८ ही येण्याची वेळ त्यांच्याच अक्षरात आहे. सुतळीचे पेन तेथवर पोहोचत नाही, म्हणून ते वही पेनाकडे ओढून घेतात, जाण्याच्या वेळेच्या रकान्यावर क्षणभर पेन टेकवतात, आणि मागून हॉर्न वाजल्यावर तसेच उठतात.