स्टीपलचेस: या शब्दातला मनोरा कुठे गेला?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, सुवर्णपदक ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकले. ही शर्यत आपण कौतुकाने पाहिली, पण तिच्या नावाकडे फारसे लक्ष दिले नाही. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा आणि ‘चेस’ म्हणजे पाठलाग. मैदानावर मात्र मनोरा कुठेच दिसत नाही.

तो शोधण्यासाठी आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जावे लागते. परंपरेने असे सांगितले जाते की, १७५२ साली कॉर्नेलियस ओ’कॅलाहन आणि एडमंड ब्लेक यांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार मैल, घोडे पळवण्याची पैज लावली. आखलेला मार्ग नव्हता. शेतांचे बांध, दगडी गडगे, चर आणि ओढे जसे समोर येतील तसे ओलांडायचे होते. अशा मुलखात दिशा चुकू नये म्हणून दुरून दिसणारी भरवशाची खूण एकच होती, ती म्हणजे पलीकडच्या गावातील चर्चचा मनोरा. किती साधे आणि किती चित्रमय नाव आहे हे!

पुढे १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातील विद्यार्थ्यांनी हीच कल्पना पायी धावण्यासाठी घेतली. कालांतराने शर्यत शेतातून धावपट्टीवर आली आणि मनोरा मागे राहिला, तरी ओलांडायच्या गोष्टी मात्र सोबत आल्या. आज ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पाण्याचा तो खड्डा म्हणजे वाटेतला ओढाच होय.

म्हणूनच या प्रकाराला मराठीत नुसते ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणणे मला अपुरे वाटते, कारण त्या शब्दांत हर्डल्सची शर्यतही येते आणि दोघींतला मोठा फरक पुसला जातो. हर्डल धक्का लागताच आडवे होते. स्टीपलचेसचा जाड लाकडी अडथळा मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे धावपटू त्यावर पाय ठेवून पुढे झेपावू शकतो, आणि अंदाज चुकला तर स्वतःच कोसळतो. शेतातला दगडी गडगाही कुणाच्या धक्क्याने बाजूला होत नसे.