आधी काय काम करायचात?

पहिल्या दिवशी कारखान्यात शिरलं की सॉल्व्हंटचा, म्हणजे रंग-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाचा, वास नाकात भरतो, डोकं जड होतं, आणि आठ-दहा दिवसांत तोच वास येईनासा होतो. जुने कामगार म्हणतात, सवय झाली. पण सवय नाकाला होते हो, रक्ताला नाही, हवेत केमिकल तेवढंच असतं.

बेन्झिन या सॉल्व्हंटचंच बघा. श्वासावाटे ते रक्तात जातं, यकृतात त्याचे तुकडे होतात आणि ते पोचतात हाडांच्या आतल्या मगजात, जिथे रक्ताच्या पेशी तयार होतात. तिथे बिघाड झाला की ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

हे काही नवीन समजलेलं नाही. 1775 साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या सर्जनने लिहून ठेवलं होतं, की धुराड्यात शिरून काजळी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो. मग 1895 मध्ये जर्मनीत लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर दिसला. आता रंग हाताळला हाताने, वाफ गेली फुप्फुसात, मग मूत्राशय कुठून आलं मधे? तर शरीर ते केमिकल लघवीतून बाहेर टाकतं, आणि लघवी तासन् तास तिथे साठून राहते, म्हणून मार तिथे बसतो. बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन ही त्यातली खरी नावं नंतर कळली, आणि कळल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं ती बनत राहिली. याचा राग येतोच.

1974 मध्ये अमेरिकेत पीव्हीसी प्लास्टिक बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा झालेला आढळला. हा कॅन्सर इतका दुर्मिळ की लगेच संशय आला आणि पीव्हीसीचा कच्चा माल असलेलं व्हिनाइल क्लोराइड पकडलं गेलं. पण फुप्फुसाचा कॅन्सर झाला तर कोण संशय घेणार? सिगारेट ओढायचा ना, मग झालं, विषय संपला. खरं तर बारीक तंतूंचं खनिज असलेलं अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की धोका कितीतरी पटीने वाढतो, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याला तर त्या धुळीपासून जास्तच जपायला हवं होतं.

आणि मधे वर्षं किती जातात! अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, तीस-चाळीस वर्षांनी निघतो, तोवर माणूस रिटायर झालेला, कारखाना बंद पडलेला, कागद कुठे आहेत कुणालाच माहीत नाही. काही घरांत तर तो बायकोला झालाय, जी कधी कारखान्यात गेलीच नाही, फक्त नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुवायची.

मास्क द्या म्हणतात. द्यावाच, पण साध्या कापडी मास्कमधून वाफ सरळ आत जाते, त्याला वाफ शोषणाऱ्या योग्य कार्ट्रिजवालाच लागतो, आणि तोही सगळ्यात शेवटचा उपाय. आधी ते केमिकल बदलता येतं का बघायचं, नाही तर मशीन बंदिस्त करायचं, वाफ निघते तिथेच ती ओढून घ्यायची. हे काम मालकाचं आहे, कामगाराच्या तोंडावर पट्टी बांधून ते होत नाही.

तोवर एक वही ठेवा. कुठल्या साली, कुठल्या खात्यात, ड्रमवर काय नाव होतं. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, अजिबात दुखलं नाही तरी दाखवून घ्या, आणि जाताना ती वही सोबत न्या, कारण डॉक्टर बहुतेक आत्ताचं काम विचारतील, वीस वर्षांपूर्वीचं तुम्हालाच सांगावं लागेल.