बायपोलर नैराश्य आणि नैराश्यविरोधी गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

बायपोलर, म्हणजेच द्विध्रुवीय विकारात उन्मादाचे, म्हणजे बेलगाम उत्साहाचे, दिवस चटकन नजरेत भरतात. पण रुग्णाच्या आयुष्यातला कितीतरी मोठा काळ खाऊन टाकते ते नैराश्य. वरवर पाहता ते इतर कोणत्याही नैराश्यासारखेच दिसते, म्हणून नेहमीची नैराश्यविरोधी गोळी इथेही द्यावी, असे वाटणे साहजिक आहे.

जुनी भीती अशी की, ही गोळी रुग्णाला नैराश्यातून वर काढता काढता थेट उन्मादात लोटेल. इमिप्रामीनसारखी ट्रायसायक्लिक, म्हणजे जुन्या पिढीतली नैराश्यविरोधी औषधे आणि व्हेनलाफॅक्सीन ही नंतरची गोळी यांच्याबाबत हा धोका अधिक आहे. पण मुळात गुण किती येतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. २००७ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ३६६ रुग्ण होते आणि सर्वांना मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू होते. काहींना जोडीला पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन ही नैराश्यविरोधी गोळी, तर इतरांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी २६ आठवड्यांपर्यंत देण्यात आली. टिकाऊ सुधारणा औषधाच्या गटात २३.५ टक्के रुग्णांत दिसली आणि दुसऱ्या गटात २७.३ टक्के. उन्मादाकडे झुकण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. म्हणजे स्थिरक औषधाच्या सोबतीने धोका वाढल्याचे दिसले नाही, पण लाभही दिसला नाही; आणि लाभ नसेल तर गोळी वाढवायची कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उन्मादाच्या त्या धोक्यामुळेच पहिल्या प्रकारच्या, म्हणजे पूर्ण उन्माद येणाऱ्या, बायपोलर विकारात ही गोळी स्थिरक औषधाशिवाय एकटी देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. क्वेटियापीन, ल्युरासिडोन, लॅमोट्रिजीन, लिथियम, किंवा ओलान्झापीन आणि फ्लुऑक्सेटिन यांची जोडी, असे पर्याय आज हाताशी आहेत.

अडचण निदानाची आहे. अनेक रुग्ण प्रथम येतात ते नैराश्य घेऊनच, आणि पूर्वीचे उत्साहाचे दिवस त्यांना आजार वाटलेलेच नसतात. दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजेतवाने राहणे, बोलणे न आवरणे, बेफाम खर्च करणे, असे काही आठवत असेल, किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला हा विकार असेल, तर गोळी सुरू होण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगा. नातेवाइकांनी तर आवर्जून सांगावे.

जे आधीच ही गोळी घेत आहेत, त्यांनी हे ऐकून ती आपल्या मनाने बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. मात्र गोळी सुरू झाल्यावर झोप घटूनही उत्साह वाढत चालला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.